समुद्राचं आवर्तन

भूगोलाच्या मास्तरानं समुद्र पाहिलेला असावा अशी अट सरकारनं कधी घातली नाही, म्हणून माझी इंदापूरच्या शाळेतली नोकरी सुखरूप पार पडली. भरती-ओहोटीचा धडा मी दरवर्षी घ्यायचो. फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत काढायची, पृथ्वीभोवती पाण्याचा लांबट फुगवटा काढायचा आणि सांगायचं, पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. पोरं आकृती उतरवून घ्यायची. एकानं एकदा विचारलं होतं, "सर, उतरलेलं पाणी जातं कुठं?" मी त्याला खाली बसवलं होतं. मुंबईला एका अधिवेशनाला गेलो असताना चौपाटीवर अर्धा तास उभा राहिलो होतो, पण अर्ध्या तासात समुद्र आपल्याला काही करून दाखवत नाही.

हरिहरेश्वरला गेलो तो निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर, गेल्या माघात. मला हौस आली म्हणून नव्हे. तात्याला न्यायचं होतं.

तात्या माझा थोरला भाऊ. तो सणसरला राहायचा आणि नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होता. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा-मिटणारा, कुणाच्या उसाला कधी आणि किती तास पाणी जायचं ते बघणारा माणूस. धरणातून कालव्याला ठरावीक दिवस पाणी सोडतात, त्याला आमच्याकडं आवर्तन म्हणतात. आवर्तन सुरू झालं की तात्या सायकलवरून कालव्याच्या कडेनं फिरत असायचा, गळ्यात चाव्या आणि खिशात तंबाखूची पुडी. आम्हा भावांचं एका गोष्टीवर कधी एकमत झालं नाही. उसाला पाणी किती द्यावं इथपासून ते चहात साखर किती घालावी इथपर्यंत. भांडण नव्हतं ते. त्यानं काही म्हटलं की मी पुस्तकातलं काढायचो, आणि मी काही म्हटलं की तो म्हणायचा, "मास्तर, जरा शेतात या." जेवताना आमचा वाद झाला नाही तर वहिनींना चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

दिवाळीनंतर तात्याचं पोट दुखायला लागलं. बारामतीत तपासण्या झाल्या, मग पुण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी तात्याला आणि वहिनींना बाहेर बसवून मला आणि तात्याच्या मुलाला, सचिनला, आत बोलावलं. पोटातला कॅन्सर होता आणि यकृतात पसरला होता. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. पावसाळ्यापर्यंत, असं डॉक्टर म्हणाले. सचिननं आईला जिन्यापाशी नेऊन सांगितलं आणि आम्ही तिघांनी तिथंच, दोन मिनिटांत ठरवून टाकलं, की तात्याला सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं. आमच्याकडं यात कुणाला वावगं वाटत नाही. पेशंटला खरं सांगितलेलं एकही घर मला सणसरात किंवा इंदापुरात माहीत नाही. वहिनी तोंड धुऊन आल्या आणि तात्याला म्हणाल्या, "आल्सर हाय म्हनं. तिखट बंद." आणि हसल्या. ते हसणं मला अजून डोळ्यासमोर दिसतं.

मग वहिनींनी नवस काढला. बचत गटाच्या बायका हरिहरेश्वरला जाऊन आल्या होत्या. तिथं डोंगराला खडकावरून प्रदक्षिणा घालावी लागते, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला समुद्र, आणि ती जोडीनं घातली की देव ऐकतो, असं त्यांनी ऐकलं होतं. तात्याला सांगितलं, सचिनला मूलबाळ व्हावं म्हणून नवस बोललाय. तात्या म्हणाला, "बरं, जाऊ की." एवढंच. खरं तर त्याच वेळी मला शंका यायला हवी होती. देवधर्मासाठी आठ तास गाडीत बसायला हा माणूस एका शब्दात तयार होणारा नव्हता.

सणसर ते माणगाव

पहाटे निघालो. गाडी मी चालवत होतो, तात्या शेजारी, वहिनी मागं उशी आणि डबा घेऊन. कारखान्यांचा सीझन असल्यानं बारामतीपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमागून रांगत गेलो. तात्या वाटेतल्या प्रत्येक चारीकडं, म्हणजे कालव्यातून शेतांकडं जाणाऱ्या पाटाकडं, मान वळवून बघत होता. "हिला गवात वाढलंय. कोण बगत न्हाय आता," असं एकदा म्हणाला आणि मग डोळे मिटून बसला. पुणे ओलांडून ताम्हिणीच्या घाटात गेल्यावर त्याला जाग आली.

घाट उतरताना वहिनींना उलट्या झाल्या आणि आजारी माणूस त्यांची पाठ चोळत रस्त्याच्या कडेला उभा राहिला. "पेशंट कोन हाय आमच्यात?" तात्या मला म्हणाला. वहिनी तशातही हसल्या. खाली उतरल्यावर हवा ओलसर झाली, कौलारू घरं आणि सुपारीची झाडं दिसायला लागली. माणगावला एका हॉटेलात भाकरी मागितली तर तांदळाची आली, पांढरीशुभ्र आणि पदरासारखी मऊ. वहिनींनी ती उलटीपालटी करून बघितली. "हिच्यानं पोट भरतं व्हय ह्या लोकांचं?" त्यांनी हळूच विचारलं आणि आपल्या डब्यातली ज्वारीची कडक भाकरी काढून तात्यापुढं ठेवली. तात्यानं दोन्ही घास-घासभर खाल्ल्या आणि बाकीच्या कागदात गुंडाळल्या. त्याचं खाणं एव्हाना तेवढंच उरलं होतं.

हरिहरेश्वर, पहिली संध्याकाळ

देवळाजवळच एका घरात दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण काकू साठीच्या, बारीक, पायाला भिंगरी लावल्यासारख्या. अंगणात पोफळी, विहिरीवर रहाट, ओटीवर सुपाऱ्या वाळत घातलेल्या. तात्या विहिरीत डोकावून आला. "हातभरावर पानी हाय आन उपसा काय न्हाय," तो म्हणाला. त्याला ते पटलं नाही. आमच्या दुष्काळी डोक्याला पाणी नुसतं पडून राहिलेलं बघवत नाही.

समुद्र पाहिला तो सूर्य बुडताना. पाणी लांब गेलं होतं आणि ओल्या वाळूवर माणसं बारीक दिसत होती. वहिनींनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला, मग एक थेंब जिभेवर टेकवला आणि तोंड वाकडं केलं. तात्या मात्र मागं सरलेल्या पाण्याकडं बघत उभा होता. मग मला विचारलं, "बापू, ह्ये सकाळपातुर कुटं जातं?" घरात मला बापू म्हणतात. पोराला खाली बसवलं होतं तोच प्रश्न होता, पण या वेळी मी नीट सांगितलं. चंद्र, ओढ, दोनदा भरती, दोनदा ओहोटी, काल पौर्णिमा झाली म्हणून सध्या उधाण आहे, सगळं. तात्या ऐकत होता. एरवी त्यानं मध्येच तोडलं असतं.

रात्रीच्या जेवणाआधी काकूंनी आम्हाला बजावलं. ओटीच्या भिंतीवर त्यांनी खडूनं रोजच्या भरती-ओहोटीची वेळ लिहिलेली असते. "उद्या प्रदक्षिणेला साडेसातला बाहेर पडा आणि साडेआठच्या आत वर या. नवाच्या पुढे भरती लागते. उधाण आहे, खडकावर पाणी येतं. दरवर्षी कोणी ना कोणी ऐकत नाही हो, म्हणून सांगते."

काकू आत गेल्यावर तात्या त्या भिंतीपुढं उभा राहून वेळ वाचत होता. "आमच्याकडं बी बोर्ड आसतो," तो म्हणाला. "आट वाजता पानी सुटनार. सुटतं बी आटालाच. पर सणसरला यायला सांज हुती. वरची लोकं दारं उचलत्यात, फाटं फुटत्यात. पानी कदी टायमात आलंय? ह्ये बी तसंच आसंल. दहापातुर काय हुत न्हाय."

मी भूगोलाचा मास्तर. समुद्राला कालवा समजणाऱ्या माणसाला मी वर्गात उभं केलं असतं. पण गेले दोन महिने तात्याच्या एकाही शब्दाला मी आडवा गेलो नव्हतो. किती दिवस राहिलेत त्याचे, त्यात कशाला, असं मनात यायचं. मी म्हटलं, "व्हय तात्या. सावकाश जाऊ."

तात्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पाय धुवायला गेला.

दुसरा दिवस

सावकाश म्हणजे आम्ही अगदीच सावकाश निघालो. आधी बंबाचं पाणी तापेपर्यंत बसलो. मग काकूंनी घावन केले, ओल्या नारळाची चटणी केली. वहिनींनी घावन कसे करतात ते चुलीपाशी बसून बघितलं, पीठ किती पातळ, तवा किती तापवायचा, सगळं विचारून घेतलं. काकू दोनदा म्हणाल्या, "निघा हो आता." आम्ही दुसरा चहा घेतला. देवळात आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग परत काळभैरवाचं, असा तिथला रिवाज आहे. तो सगळा यथासांग केला आणि डोंगराच्या पायऱ्या चढायला लागलो तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते.

वर चढून गेलं की एकदम डोंगर चिरल्यासारखा दिसतो. दोन उभ्या कातळांच्या मधून अरुंद पायऱ्या खाली जातात आणि तळाशी नुसता समुद्र. ती फट पाहून वहिनी थबकल्या. वारा खालून वर येत होता आणि त्याच्याबरोबर गडगडाट. तात्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता, मी त्याच्या पुढं. शेवटच्या पायऱ्या ओल्या होत्या. त्या कशानं ओल्या आहेत हा विचार माझ्या डोक्यात यायच्या आधीच लाट आली. मोठी नव्हती, गुडघ्याएवढी. पण ती आली ती खडकावरून सरपटत आणि गेली ती आमच्या पायांखालची जागा ओढत. मी तात्याला कातळाशी दाबून धरलं. त्याची एक चप्पल गेली. ती पाण्यावर उलटी होऊन दोनदा दिसली आणि मग दिसली नाही.

"मागं फिरा," वरून कुणीतरी ओरडलं. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला एक म्हातारा कोकम सरबत विकायला बसतो, तो उठून हात हलवत होता. वहिनी मधल्या पायरीवर देवाचं नाव घेत उभ्या होत्या. आम्ही वर आलो तेव्हा तात्याला धाप लागली होती. सरबतवाल्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि मग शिव्या दिल्या. "भिंतीवर टाइम लिवलेला असतो ना? तुम्ही घाटावरची माणसं ऐकतच नाय. दुपारी पावणेएकला भरती पुरी. मग उतरेल. चारच्या आधी खडक मोकळा नाय होणार."

घड्याळात पावणेदहा वाजले होते. पाण्यानं एका मिनिटाचाही उशीर केला नव्हता.

वहिनी म्हणाल्या, "तवर मी देवळात बसते, जप करते. तुमी दोगं खोलीवर जावा, ह्यास्नी पडू द्या जरा." पण तात्याला खोलीवर जायचं नव्हतं. त्याला ते पाणी चढताना बघायचं होतं. त्याला बसायला वहिनींनी आपली शाल घडी करून दिली, एका पायात चप्पल असलेल्या नवऱ्याकडं बघून हसल्या आणि गेल्या.

पायऱ्यांवर

सरबतवाल्याच्या टपरीच्या सावलीला, वरून चौथ्या-पाचव्या पायरीवर आम्ही बसलो. तिथून खालची फट सरळ दिसत होती. पाणी आत यायचं, कातळावर आपटून वर उडायचं, मग निथळून जायचं, आणि प्रत्येक वेळी एक पायरी आणखी ओली व्हायची. तात्या पायऱ्या मोजत होता. कालव्याच्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचायचा तशा.

"ह्याचं दार कोन उगडतंय बापू?" त्यानं विचारलं.

"चंद्र," मी म्हटलं.

"त्याला दार उगडायची चिट्टी कोन देतं?"

मी हसलो. तो हसला नाही. थोड्या वेळानं त्याच आवाजात म्हणाला, "आल्सर न्हाय ना बापू?"

मी म्हणालो, "काय तरीच काय. डॉक्टरनं सांगितलंय की—"

"ऱ्हाऊ दे. मी तुला इचारत न्हाय. सांगतोय."

समोर पाणी चढत होतं. शेवटी मी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"पैल्यांदा डोक्यात आलं ती तुझ्या वैनीमुळं. चाळीस वरसं झाली, मी पुडी काडली की तिचं सुरू. तंबाकूनं घात करशीला, दात बगा, पोरगं काय शिकंल. आन पुण्यावरनं आल्यावर मी पुडी काडली तर ही गप. वर म्हनती, चुना संपला न्हाय न्हवं, आनू का?" तात्यानं खिशातली पुडी चाचपली. "टेलच्या शेतकऱ्याला कुनी सांगाय येतं का, वरनं पानी कमी केलंय म्हनून? त्याला सांगावं लागत न्हाय. चारी गप हुती, त्याला कळतं."

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. तिथल्या माणसाच्या वाट्याला नेहमी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी पाणी येतं. तात्याचा सगळा जन्म त्या माणसांची बोलणी ऐकण्यात गेला होता.

"तरी म्हनलं, खात्री करून घ्यावी," तो म्हणाला. "काल भितीवरचा टाइम वाचला. मला काय कळत न्हाय व्हय, समिंदर आन कालवा एक न्हाय म्हनून? मी मुद्दाम बोललो, दहापातुर काय हुत न्हाय. तू भूगोलाचा मास्तर. जलमात माझं एक वाक्य खाली पडू दिलं न्हाईस. म्हनलं, आता बापू उठंल, फळा मागंल. तर तू म्हनलास, व्हय तात्या." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "तवा म्हनलं, झालं. आपलं काय खरं न्हाय."

मला रडू आलं. बासष्ट वर्षांचा माणूस, सरबतवाल्याच्या देखत, तोंडावर रुमाल धरून रडलो. दोन महिने मी तात्याशी चांगला वागत होतो, आणि त्या चांगलं वागण्यानंच त्याला सगळं सांगून टाकलं होतं. मी त्याच्याशी भांडत राहिलो असतो तर तो कदाचित आणखी थोडे दिवस अल्सरच्या भरवशावर झोपला असता. हे मला आजही खातं. तात्यानं मला रडू दिलं. मग पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "किती दिस?"

मी सांगितलं. पावसाळ्यापर्यंत.

त्यानं मान हलवली. "म्हंजे उन्हाळी आवर्तन बगायचं म्हन की," तो म्हणाला.

पाणी आता फटीत बरंच वर आलं होतं. फेस आमच्या पायांपासून आठ-दहा पायऱ्यांवर फुटत होता. मुंबईची कॉलेजची पोरं येऊन फोटो काढून गेली. सरबतवाल्यानं न मागता दोन ग्लास आणून ठेवले.

मग तात्या म्हणाला, "एक कर. तुझ्या वैनीला कळू देऊ नगंस, मला ठावं हाय म्हनून."

"का पण? उलट दोघं मोकळेपणानं बोलाल."

"काय बोलनार? ती माझ्याम्होरं हसती आन गोट्यात जाऊन रडती. डोळं सुजल्यालं मला दिसत न्हाईत व्हय? इचारलं तर म्हनती, धूर लागला. मी म्हनतो, बरं. तिला वाटतंय, तिनं मला काय कळू दिलं न्हाय. सारं घर तिच्या हातनं सुटत चाललंय, पर एवडं एक तिनं घट धरलंय बग. त्ये बी मी काडून घिऊ? मग तिनं दिसभर करायचं काय?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "आन माज्या मागं बी सांगू नगंस. कदीच न्हाय. लाव गळ्याला हात."

मी त्याच्या गळ्याला हात लावला. हाडं लागली हाताला. मी शपथ घेतली.

पाणी उतरल्यावर

साडेतीनच्या सुमाराला वहिनी आल्या, हातात प्रसादाचा नारळ आणि तात्यासाठी रबरी चपला. पाणी एव्हाना मुकाट्यानं निघून चाललं होतं. चढताना जेवढा गाजावाजा, उतरताना तेवढीच शांतता. पायऱ्यांच्या खालचा खडक हळूहळू उघडा पडला, आणि सकाळी जिथं नुसता फेस होता तिथं मोठं काळं आवार पसरलेलं दिसलं. चार वाजून गेल्यावर सरबतवाल्यानं मान डोलावली, तेव्हाच आम्ही उतरलो.

ती जागा मला नीट सांगता येणार नाही, पण प्रयत्न करतो. डोंगराचा पायथा समुद्रानं कापून काढला आहे आणि कापलेल्या जागी अंगणासारखा सपाट खडक राहिला आहे. त्या खडकात कुठं रांजणाएवढे गोल खळगे, त्यांत उरलेलं पाणी आणि त्या पाण्यात बोटाएवढे मासे. कुठं लांबच लांब भेगा, इतक्या सरळ की कुणी दोरी लावून आखल्या असाव्यात. आणि डोंगराच्या बाजूला उभा कातळ सगळा जाळीजाळीचा. अनारशाला पडते तशी जाळी, पण पुरुषभर उंच. हात घातला तर कोपरापर्यंत जातो. रोज दोनदा पाणी येतं, खार आत शिरते, ऊन लागतं, कण सुटतो. पुस्तकात मी हे दोन ओळींत शिकवलं होतं. लाखो वर्षं हा शब्द पोरांकडून पाठ करून घेतला होता. त्या जाळीत हात घातल्यावर पहिल्यांदा वाटलं, की आपण तो शब्द फार बेफिकिरीनं वापरला.

तात्या त्या कातळावरून हात फिरवत चालला होता. "दगडाला बी सोडत न्हाय पानी," तो म्हणाला. वहिनींनी लगेच विषय बदलला. "पायाखाली बगा, शेवाळ हाय." आणि त्यांनी त्याचा हात धरला.

मी या दोघांना लग्न झाल्यापासून बघतोय. चारचौघांत त्यांनी एकमेकांचा हात धरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. वहिनी कायम चार पावलं मागं. त्या दिवशी मात्र त्या बरोबरीनं चालल्या, डोंगर उजव्या हाताला आणि नवरा डाव्या हाताला धरून. तात्या मजेत होता. खरोखर मजेत. खळग्यातला खेकडा दाखवून म्हणाला, "आपला बापू, पुस्तकासकट." एका भेगेत लाट शिरून भसकन वर उडाली तेव्हा वहिनी दचकून त्याला चिकटल्या आणि तो मोठ्यानं हसला. मी मागून चालत होतो. माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती. दोघंही एकमेकांसाठी खोटं हसत होती असं म्हणावं, तर ते हसणं खोटं नव्हतं.

विष्णुपदाशी, खडकात देवाचं पाऊल उमटलंय म्हणतात त्या जागी, वहिनींनी हात जोडले आणि डोळे मिटून इतका वेळ उभ्या राहिल्या, की तात्या मला खुणेनं म्हणाला, असू दे. त्या काय मागत होत्या ते त्याला माहीत होतं आणि मिळणार नाही हेही माहीत होतं. तो त्यांच्या शेजारी हात जोडून उभा राहिला. डोळे उघडल्यावर वहिनींनी विचारलं, "काय मागितलं तुमी?" तो म्हणाला, "सचिनला पोरगी हू दे म्हनलं. पोरं काय, लई झाली आपल्यात."

प्रदक्षिणा पुरी करून वाळूवर आलो तेव्हा सूर्य टेकला होता. रात्री तात्यानं काकूंना सुरमई तळायला सांगितली, चांगली तिखट. आमच्या इंदापुरात उजनीची चिलापी मिळते, तिच्यापुढं हा मासा म्हणजे राजा, असं तो म्हणाला. डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं. वहिनींनी ताटाकडं बघितलं आणि स्वतः उठून आणखी एक तुकडी वाढली. मी म्हटलं, "तात्या, चिलापीच चांगली. ह्याला काय चव नाही." तात्यानं हातातला घास तसाच ठेवून मला खूप सुनावलं. समुद्राच्या माशाबद्दल त्याला काहीही माहिती नव्हती, पण तो दहा मिनिटं बोलला. वहिनी भात कालवत ऐकत होत्या.

परत सणसरला

तात्या वैशाखात गेला. उन्हाळी आवर्तन चालू होतं आणि आमच्या चारीला पाणी आलेलं होतं. शेवटचे पंधरा दिवस तो फारसा बोलत नव्हता. पण वहिनी खोलीत आल्या की विचारायचा, "माजा आल्सर कदी बरा हुयाचा?" आणि वहिनी म्हणायच्या, "हुईल की. वाईच दम धरा."

हा प्रवास मी पावसाळ्यात लिहून काढला. छापून आला तर येऊ दे. वहिनींना अक्षरओळख नाही, आणि सचिनला मी सगळं सांगून ठेवलं आहे. गळ्याची शपथ वहिनींपुरती होती. लिहितोय हे मात्र त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि परवा सणसरला गेलो तर चहा ठेवून समोर येऊन बसल्या. "भावजी, वाचून दावा की. आमच्या समिंदराचं लिवलंय न्हवं?"

मी वाचायला सुरुवात केली. उलटीचं वाचलं तेव्हा त्या लाजल्या. घावनाचं वाचलं तेव्हा म्हणाल्या, आमी केलं की नंतर, पर जाळी पडत न्हाय. चप्पल वाहून गेली तिथं हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून बसल्या. त्यापुढची पानं मी दोन बोटांत धरून एकदम उलटली.

पण त्यांच्या लक्षात आलं. "पानी उतरंपातुर तुमी दोगं भाव काय बोलत बसला हुता, त्ये न्हाय लिवलं?"

"भांडत होतो," मी म्हटलं. "समुद्राला किती दारं लागतील, यावरनं."

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ त्या अंगणात बघत होत्या. मग म्हणाल्या, "एक बरं झालं बगा भावजी. त्यास्नी शेवटापातुर काय कळलं न्हाय. मी कळूच दिलं न्हाय. त्या खडकावर कसं हसत फिरलं. कळलं आसतं तर आसं फिरलं आसतं व्हय?"

"न्हाय वैनी," मी म्हटलं. "नसता फिरला."

आणि विष्णुपदाचं पान वाचायला घेतलं.